झोपेची राखण

कमळामावशींचं नाव आधी लिहितो, बाकीचं मागून. सांगायला बसलो की मी माझ्याच छातीच्या धडधडीत गुंततो आणि ज्यानं हात दिला तो माणूस मागं राहतो, अशी माझी खोड आहे. तर कमळामावशी. पलूस आणि तासगावच्या मधल्या माळावर माझ्या ताईची बेदाण्याची शेड आहे. तिथं बेदाणा निवडायला बायकांची टोळी येते, तिच्या त्या मुकादम. ठेंगण्या, फटकळ, कपाळावर जुनं गोंदण. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी मला एक काम दिलं. ते काम नेमकं काय होतं, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

काल गावाकडून एक जण इकडं आला. त्याच्याबरोबर ताईनं पिशवी पाठवली होती. गाठ सोडली आणि दुकानात माळाचा वास सुटला. तापलेली माती, वाळलेल्या काड्या आणि कुठंतरी पुसट, गंधकाची धुरी. नवा बेदाणा. म्हणजे तिकडं मोसम सुरू झाला. इथं, सेलमच्या पुढच्या या गावात, माझ्या आजूबाजूला कुणालाच त्या वासाचं काही नव्हतं. शेजारचा फुलवाला आत डोकावला, दोन बेदाणे तोंडात टाकले आणि मान हलवून गेला. मी मात्र पिशवीत नाक घालून बसलो.

आमचं दुकान गलाईचं. जुने दागिने, सोनारांच्या दुकानात झाडलेली धूळ असं सगळं वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. आमच्या खानापूर-आटपाडीची आणि तिकडं साताऱ्याकडच्या खटाव-माणची कितीतरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. मीही आठवीत शाळा सोडली आणि मामाच्या मागं इकडं आलो. भाषा येत नव्हती. भट्टीची भाषा मात्र लवकर आली. सोनं वितळवायची मूस कधी लाल होते, कधी पिवळी, कधी आतलं सोनं आरशासारखं हलायला लागतं, हे बघत मोठा झालो. या कामात नजर काढून चालत नाही. सोनं दुसऱ्याचं असतं आणि ते आगीवर असतं. कित्येक वर्षं मी असाच जगलो, डोळ्यांत तेल घालून. दुकान बंद झाल्यावरही कुलूप ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन ओढायचं.

मग एक दिवस साच्यात सोनं ओतताना माझा हात थरथरला. सांडलं नाही. पण सांडशीत धरलेली मूस कडेला टकटक वाजली आणि तो आवाज दुकानात सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमचे शेठ खटावचे, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या हातातून सांडशी काढून घेतली आणि म्हणाले, गावाला जा, हात थांबला की ये. रागावले असते तर बरं वाटलं असतं. बसमध्ये सबंध वाटभर मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. ज्याला ओतता येत नाही त्याला गलाईच्या दुकानात काम नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. बायको आणि पोरगी माझ्या सासुरवाडीला होत्या. त्यांना मी फक्त सुट्टी मिळाली एवढंच सांगितलं.

ताईनं मला पहिल्यांदा मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठीक होतं. रक्तदाब वाढलेला होता आणि झोप कित्येक दिवस नावापुरतीच होती. त्यांनी गोळी दिली आणि विचारलं, तुम्ही विश्रांती कशी घेता? मी म्हणालो, रविवारी दुकान धुतो. ते हसले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं, की अंगाला धोका वाटला की छाती जोरात चालते, स्नायू ताठतात, माणूस पळायला किंवा भिडायला तयार होतो. हे चांगलंच आहे. पण धोका टळला हे अंगाला कुणीतरी कळवावं लागतं. तुम्ही कळवतच नाही. रोज थोडा वेळ काहीही न करता बसा, गोळीइतकंच नेमानं. दाब उतरायला मदत होईल, झोप लागेल, हातही शांत होईल.

काहीही न करता. बाहेर आल्यावर मी ताईला विचारलं, म्हणजे काय करायचं? ती म्हणाली, मला काय ठावं, मी तरी कवा केलंय.

औषधं घेऊन आम्ही सतार-तंबोऱ्यांच्या दुकानांवरून चाललो होतो. एक कारागीर तंबोरा जुळवत होता. मनासारखा लागला तसा त्यानं डोळे मिटून क्षणभर ऐकला आणि लगेच खुंट्या फिरवून सगळ्या तारा ढिल्या केल्या. मला वाटलं, बघा, हेच ते. डॉक्टर सांगत होते तेच. मी मोठ्या अपेक्षेनं विचारलं, तारा का सोडल्या? तो म्हणाला, पार्सलनं जायचाय, पार्सलवाले आपटतात. ताई स्टँडवर पोहोचेपर्यंत हसत होती. मीही हसलो. पण घरी येताना बसमध्ये विचार करत राहिलो, की माझ्या खुंट्या कुठं आहेत, आणि त्या फिरवायच्या कुणी?

शेड म्हणजे भिंती नसलेलं लांबलचक घर. वर पत्रा, खाली एकावर एक जाळ्यांचे मजले, आणि त्यांवर द्राक्षं पसरलेली. बाजूंना ताडपत्रीचे पडदे, एरवी वर गुंडाळून बांधलेले. मला वाटायचं, वाळवायचं तर ऊन पाहिजे. इथं उलटंच. द्राक्ष उन्हात ठेवलं तर तपकिरी पडतं. सावलीत ठेवून नुसता वारा लागू दिला तर हिरवंगार राहतं, आतली साखर आतच राहते. मी दाजींना सारखा विचारायचो, आता काय करायचं? ते म्हणायचे, काय न्हाई, वारं करतंय की काम. माळावरचा तो कोरडा वारा दिवसभर जाळ्यांमधून जायचा. कान देऊन ऐकलं तर बारीक सुस्कारे टाकल्यासारखा आवाज यायचा. आगीशिवाय कशाचा तरी कस बदलतो, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

शेडच्या एका टोकाला टोळीतल्या बायका वाळलेला बेदाणा निवडायच्या. काड्या वेगळ्या, काळा दाणा वेगळा, हिरवा वेगळा. हात चालायचे तशी तोंडं चालायची. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाच्या भिशीचा घोळ. मी जवळून गेलो की आवाज उतरायचा आणि पुढं गेलो की हसू फुटायचं. दुपारची भाकरी झाली की मात्र एक नवल व्हायचं. सगळ्या जणी रिकाम्या पोत्यांवर ओळीनं आडव्या व्हायच्या आणि डोक्यावरचा पदर तोंडावर ओढायच्या. तो पदर ओढला की संपलं. मग त्या बाईला कुणी हाक मारायची नाही, नवऱ्याचा फोन आला तरी उचलून द्यायचा नाही, असा टोळीचा रिवाज. मला त्या पदराचा हेवा वाटायचा. एवढंसं कापड आणि त्याच्या मागं पूर्ण सुट्टी. पुरुषाकडं असं काय असतं? टोपी तोंडावर घेतली तर लोक विचारतात, बरं न्हाई का?

मी तेव्हा काय करायचो? फिरायचो. डॉक्टरांनी बसायला सांगितलं होतं, पण बसलो की पाय आपसूक हलायचे. म्हणून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. चपला फटक फटक वाजायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळीतला एक पदर अर्धा वर झाला आणि कमळामावशींचा एक डोळा दिसला.

"पाव्हणं, फिरायचं आसंल तर माळावर जावा. न्हाईतर हितं दारात बसा आन् राखण करा. कुत्रं आत येतंय, बेदान्यात त्वांड घालतंय. सावली त्या धोंड्याला टेकली की आमास्नी उटवा. त्येच्या आदी उटवायचं न्हाई."

मी विचारलं, लक्ष कशावर ठेवायचं?

"कुत्र्यावर."

"आणि कुत्रं आलंच नाही तर?"

"मग ब्येस झालं की," असं म्हणून त्यांनी पदर परत ओढला.

मी दारात बसलो. नुसतं बस म्हटलं असतं तर बसलो नसतो. पण हे काम होतं. मला कामाशिवाय बसता येत नाही आणि हे असं काम होतं की त्यात बसण्याशिवाय काही नव्हतं. कुत्रं एक होतं खरं, तांबडं, मेंढरांच्या वाड्याकडून यायचं. माझ्याकडं बघायचं, जांभई द्यायचं आणि बांधाच्या सावलीला जाऊन पडायचं. दोघांचंही काम तिथंच संपायचं.

मग नजर फिरायला लागली. समोर झोपलेल्या बायका. माणूस झोपताना आधी कुठून सैल होतो, याचं मला कुतूहल लागलं. मला वाटायचं डोळ्यांपासून. पण तोंडं तर पदराखाली, म्हणून मी हात बघायचो. दिवसभर दाणे वेचणारी बोटं. पहिल्यांदा ती तशीच अर्धवट मिटलेली, अजून एखादी काडी धरल्यासारखी. मग करंगळी सुटायची. मग बाकीची. मग पाय बाहेरच्या बाजूला पडायचे आणि पोटावरचा पदर सावकाश वर-खाली व्हायला लागायचा. त्यांचा श्वास बघता बघता मी माझा बघितला. तो गळ्यापाशीच होता, खाली उतरतच नव्हता. दात एकमेकांवर घट्ट. जीभ टाळूला चिकटलेली. खांदे कानांकडं चढलेले. कुणी मारायला आल्यासारखा मी बसलो होतो, आणि समोर फक्त एक झोपाळू कुत्रं होतं. मला माझंच हसू आलं. दात सोडले. जरा वेळानं बघितलं तर परत आवळलेले. परत सोडले. मूस निवते कशी हे मी आयुष्यभर बघितलं, पण स्वतःकडं असं कधी बघितलं नव्हतं.

नऊ-दहा दिवस बरे गेले आणि मग मी घोळ केला. दुपारी वारा फिरला आणि नाकात गंधकाचा धूर शिरला. आमच्या दुकानात सोनं चोख करायला तेजाब, जहाल आम्ल, असतं. त्याचा धूर सुटला की एकच कळतं, ओरडायचं आणि बाहेर पळायचं. डोक्यानं काही विचार करायच्या आत मी उठून ओरडलो होतो, उठा, उठा, बाहेर निघा. बायका धडपडत उठल्या. एकीचा पाय पाटीत पडला आणि निवडलेला बेदाणा मातीत सांडला. सगळ्या जणी उन्हात जाऊन उभ्या राहिल्या आणि मग हळूहळू सगळ्यांची नजर शेजारच्या शेडकडं गेली. तिथं बेदाण्याला गंधकाची धुरी देत होते. रंग यावा म्हणून देतातच. आमच्याही शेडमध्ये आठवड्यापूर्वीच दिली होती, मी तेव्हा गावात गेलो होतो.

सखू म्हणून टोळीतली सगळ्यांत तरुण बाई. ती म्हणाली, पाव्हण्यांचं नाक अजून दुकानातच ऱ्हायलंय, पार्सलनं मागवून घ्या. दुसरी म्हणाली, आगीच्या बंबावर भरती करा ह्यास्नी. हसून हसून त्या परत कामाला बसल्या. कमळामावशी मात्र हसल्या नाहीत. मातीत सांडलेले दाणे वेचत राहिल्या. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, धुरानं.

संध्याकाळी ताईनं सांगितलं. मावशींचे मालक गेलं वर्षभर अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं. रात्री त्यांना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, ते भ्याले की हात धरून बसायचं. सुनेला लहान पोर, मुलगा फौजेत, लांब. मावशींना मिळते ती झोप दुपारची, शेडमधली. आणि तीही एवढ्यात मिळायला लागली होती. कारण आधी राखणीला त्या स्वतःच बसायच्या. टोळी झोपायची आणि मुकादम काठी घेऊन दारात. मी येरझाऱ्या घालायला लागलो, दारापाशी कुणीतरी जागं दिसलं, तेव्हा कुठं त्या ओळीत आडव्या झाल्या होत्या.

म्हणजे त्यांनी मला काम दिलं ते माझ्यासाठी का त्यांच्यासाठी? माझी येरझार थांबावी म्हणून, का त्यांना पाठ टेकता यावी म्हणून? आजवर ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यांनीही ठरवलं नसेल. एक थकलेलं माणूस दुसऱ्या थकलेल्याला एका नजरेत ओळखतं, एवढंच असेल. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, मावशी, आज कुत्र्याशिवाय कशालाही उठवणार नाही. त्या म्हणाल्या, कुत्र्यालाबी नगा. त्याच्याशी तुमचं तुमी बगा.

त्यानंतरची दुपार वेगळी झाली. आधी मी सावलीवर नजर ठेवून असायचो, कधी धोंड्याला टेकते म्हणून. आता वाटायचं, टेकू नये. सावली हळू सरकावी यासाठी काय करता येईल, असे पोरकट विचार यायचे. मन दुसऱ्याच्या झोपेला जपायला लागलं की स्वतःची काळजी जरा कडेला सरकते, हेही तिथंच कळलं. रात्री मलाही डोळा लागायला लागला. सलग नाही, पण लागायचा. गोळी चालू होती, तिचाही गुण असणार. गोळीचा किती आणि दाराचा किती, हे वेगळं करून दाखवायची मूस माझ्याकडं नाही.

चैत्राच्या तोंडावर एका दुपारी आभाळ आलं. जतकडच्या बाजूनं काळं, खाली उतरलेलं. बेदाणा जाळीवर असताना पाण्याचं एक सपकारं आलं तरी दाणा काळा पडतो, वर्षभराचा घाम वाया जातो. ताई आणि दाजी बाजाराला गेले होते. माझी छाती लगेच सुरू झाली. तोंड उघडलं होतं ओरडायला. पण त्या धुरीची आठवण झाली, आणि मावशींचे लाल डोळे. मी स्वतःला म्हणालो, थांब जरा. आधी बघ तरी. मग नीट बघितलं, भट्टीकडं बघतो तसं. ढग कुठं आहे, वारा कुणीकडं, धूळ किती लांब उठली आहे. वेळ होता. थोडा, पण होता. पाऊस येणार त्या अंगाचे पडदे खाली घ्यायला एक माणूस पुरे होता.

चपला काढल्या. सुतळीच्या गाठी उन्हानं कडक झालेल्या. एकेक सोडत गेलो, ताडपत्री हातानं धरून आवाज न करता खाली सोडत गेलो, खालून दगड ठेवत गेलो. त्या टोकापर्यंत पोहोचलो तेव्हा पहिले थेंब पत्र्यावर वाजले. मोठे, लांब लांब. मग ते दाट झाले आणि आमच्या डोक्यावरून पलूसकडं निघून गेले. जाळ्या कोरड्या होत्या. शेवटची गाठ माझ्या हातात होती आणि मी तिच्याकडं बघत होतो. बारीक, घट्ट बसलेली गाठ होती ती. नखानं उकलली होती. माझा हात थरथरत नव्हता. तो कधी थांबला हे मला कळलंच नाही. तो थांबावा म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवली होती तेव्हा थांबला नव्हता. नजर काढली आणि थांबला.

ओळीकडं वळून बघितलं तर कमळामावशींचा पदर जरासा सरकलेला. पत्र्यावरच्या आवाजानं त्या जाग्या झाल्या असणार. डोळे उघडे होते. पडद्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता उठतील, मुकादमच त्या.

"सावली टेकली का?" त्यांनी विचारलं.

आभाळ भरलेलं, सावली कुठली असणार. मी म्हणालो, अजून नाही मावशी.

"मग कशापायी हुबं ऱ्हायलाय? बसा की," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळून परत झोपल्या.

त्यानंतर लवकरच मी इकडं परत आलो. मिरजेत पुन्हा दाब मोजला तेव्हा उतरलेला होता. गोळी सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे आणि मी सोडलेली नाही. शेठनी सांडशी माझ्या हातात दिली. मी ओतलं. मूस वाजली नाही. आजही एखाद्या दिवशी, सोनं जास्त असलं की, बोटांत थोडी कळ येते. मग मी दात सोडतो, जीभ खाली घेतो, श्वास पोटापर्यंत जाऊ देतो आणि मगच उचलतो. कुलूप अजूनही एकदा परत जाऊन ओढतो. सगळंच सुटेल असं मला वाटत नाही.

पण दुपारी जेवण झालं की मी शटर अर्धं खाली घेतो आणि स्टूल टाकून त्याच्यापाशी बसतो. आत दोघं कामगार चटईवर आडवे होतात. पहिल्यांदा शेठनी विचारलं, काय करतोयस? विश्रांती घेतोय, हे शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत. म्हणालो, राखण करतोय. त्यांनी आपली खुर्ची मागं टेकवली आणि डोळे मिटले. आता तेही रोज झोपतात. बाहेर फुलवाला मोगऱ्यावर पाणी मारतो, ते थेंब पायरीवर सुकताना मी बघत बसतो.

बेदाणा पोहोचला हे कळवायला काल ताईला फोन केला. टोळी आली का विचारलं. आली म्हणाली. मावशी आहेत, मालक अजून तसेच आहेत. आणि दारात परत काठी घेऊन मावशीच बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला विचारलं म्हणे, आमचा राखण्या कुटं हाय?

ते ऐकल्यापासून मी रजेचा हिशोब मनात घालतो आहे. येईन मी मावशी, याच मोसमात जमलं तर याच, नाहीतर पुढच्या. दारात तर बसेनच. पण तुमचं माझ्याकडं खरं देणं निघतं ते दुपारचं नाही. एक दिवस तुमच्या घरी येईन आणि रात्रभर मालकांच्या उशाशी बसेन. त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते आधी दाखवून ठेवा. ते भ्याले की हात धरायला माझा हात आता चालतो. तुम्ही आतल्या खोलीत जा, पदर ओढा, आणि उजाडेपर्यंत उठू नका.